केसांवर घासून सुई चुंबक होत नाही, प्लीज पोरांना हे शिकवू नका

काल वहिनीने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, 'चुंबकाशिवाय घरच्या घरी होकायंत्र', आणि चौथीतली पुतणी अर्धा तास सुई डोक्यावर घासत बसली. सुई वाटीतल्या पाण्यावर तरंगली, पण दरवेळी वेगळीकडेच तोंड करून. शेवटी रडवेली होऊन म्हणते, "काका, मला जमतच नाही." अगं, तुझं काही चुकलं नाही, फॉरवर्डच चुकीचा आहे!

"केसांवर २० वेळा घासा, चुंबकत्व येतं." नाही येत. घासून होते ती स्थिर वीज, आणि हातात धरलेल्या सुईत तीही टिकत नाही. पोलादात बारीक बारीक चुंबकी भाग असतात पण त्यांची तोंडं दहा दिशांना, ती एका बाजूला वळवायला सोपा उपाय म्हणजे चुंबकच, जुन्या स्पीकरचासुद्धा चालेल. त्याची एकच बाजू नेढ्यापासून टोकापर्यंत ओढायची, उचलायची, परत नेढ्यापासून, असं ३०-४० वेळा. पुढे-मागे घासलंत तर केलेलं मोडतं. हां, केसांचं तेल लागलं की सुई पाण्यावर छान तरंगते, एवढं मान्य. आणि काही सुया चुंबकवाल्या डबीत राहून आधीच थोड्या चुंबक झालेल्या असतात, म्हणून कुणाकुणाला हे 'जमतं'.

"सुईचं टोक कायम उत्तरेला." चुंबकाच्या उत्तर ध्रुवाने टोकाकडे ओढलंत तर टोक दक्षिण दाखवणार आणि नेढं उत्तर. सूर्य कुठे उगवतो ते बघून ठरवा ना.

"वाटी कुठेही ठेवा." अहो, पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत व्हायची, शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये ते काम पार अलिबागला नेलं, का तर मोजणी बिघडेल म्हणून, आणि तुम्ही मोबाईलशेजारी लोखंडी कपाटावर वाटी ठेवायला सांगताय?

"उत्तरेला डोकं करून झोपलं की रक्तातलं लोखंड मेंदूकडे ओढलं जातं." रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते सुईसारखं वागत नाही. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) एमआरआय मशीन आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस-पस्तीस हजार पट, त्यातून माणसं रोज उठून घरी जातात. कृपा करून पोरांना झोपायची भीती घालू नका.

आज संध्याकाळी पुतणीला घेऊन परत केलं, प्लास्टिकचा डबा, बुचाची पातळ चकती, स्पीकरचा चुंबक. तिने पाच वेळा सुई बोटाने फिरवली, पाचही वेळा नेढं हळूहळू वळून उत्तरेच्या खिडकीकडे येऊन थांबलं. सहाव्यांदा तिने आजीला हाक मारली.