बर्नी सँडर्सनी गाडी कंपन्यांच्या बेलआउटला खरंच विरोध केला होता का?

तो जुना मेसेज परत फिरतोय, की अमेरिकन सिनेटर सँडर्सनी २००८ मध्ये डेट्रॉइटच्या गाडी कंपन्या सरकारी पैशाने वाचवायला (म्हणजे बेलआउटला) नकार दिला. याचं मूळ मार्च २०१६ मधल्या फ्लिंटच्या डिबेटमध्ये आहे, मिशिगनची प्रायमरी (डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची निवडणूक) दोन दिवसांवर होती आणि सँडर्सच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटननी तिथे हाच आरोप केला. पण रेकॉर्ड बघितलं तर गोष्ट जरा वेगळी निघते.

११ डिसेंबर २००८ ला सिनेटमध्ये फक्त गाडी कंपन्यांसाठीचं बिल पुढे न्यायचं की नाही यावर मतदान झालं, त्यात सँडर्सचं मत बाजूने होतं. ५२-३५ झालं, लागत होती ६०, म्हणून बिल तिथेच अडकलं. मग राष्ट्राध्यक्ष बुशनी बँकांसाठी काढलेल्या ७०० अब्ज डॉलरच्या फंडातूनच जीएम आणि क्रायस्लरला पैसे दिले.

घोळ इथे आहे. त्या फंडाला सँडर्सचा ऑक्टोबरपासूनच विरोध होता, वॉल स्ट्रीटला फुकट पैसे का म्हणून, आणि जानेवारी २००९ मध्ये उरलेले ३५० अब्ज सोडायची वेळ आली तेव्हाही ते विरोधातच गेले (पैसे रोखायचा ठराव ४२-५२ ने पडला, पैसे सुटले). त्या पैशातला काही भाग नंतर गाडी कंपन्यांना गेला हे खरंय, त्यामुळे क्लिंटनबाईंचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण डिसेंबरचं मत गाळून जानेवारीचं तेवढं सांगायचं ही वकिली झाली.

बाय द वे, मिशिगन सँडर्सच जिंकले.