आम्ही परप्रांतीय, आणि मूसही

कोल्हापूरला फोन करून आईला सांगितलं, की ऑक्टोबरात मूस मारायला जायचं ठरतंय. नातवाच्या इंग्लिश पोयममुळं तिला 'माऊस'चा अर्थ पक्का माहिती, त्यामुळं ती म्हणाली, "आरं, मग जायचं कशाला? पिठात औषध मळून गोळ्या टाक कपाटाखाली." मागनं आप्पांचा आवाज आला, "मूस फुटली काय रं?" आप्पांची सगळी हयात शिरोलीच्या फाउंड्रीत गेली, त्यांच्या डोक्यात मूस म्हणजे धातू वितळवायची, दुसरी नाही.

मग दोघांना स्पीकरवर घेऊन समजावलं, की हे हरणाच्या जातीतलं सगळ्यात मोठं जनावर, खांदाच माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, वजन चार-पाचशे किलो, नाक लांबडं लोंबतं आणि शिंगं पसरट, डोक्यावर दोन सुपं बांधल्यासारखी. आप्पा म्हणाले, म्हणजे दाजीपूरचा गवा म्हण की. म्हटलं हां, तसंच. आईनं विचारलं, गवा माराय तिथलं सरकार परवानगी देतंय? म्हटलं देतं. "आणि तुला देतंय?"

म्हणजे बघा, जो प्रश्न मला कळायला कित्येक महिने लागले तो आईनं दीड मिनिटात विचारला.

झालं असं, की मी टोरांटोजवळ एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे आणि आमचा फोरमन उत्तर ऑन्टारियोतला, जन्मापासून शिकारी. दर शरद ऋतूत त्याचा चेहरा पडलेला असतो कारण त्याला टॅग लागत नाही. टॅग म्हणजे मूस मारायची परवानगी, ती ड्रॉमध्ये निघते. २०२१ पासून ऑन्टारियोत पॉइंट सिस्टीम आली, म्हणजे नंबर नाही लागला तर पॉइंट जमत जातात आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी. मला हे लगेच कळलं कारण आमच्या मामांनी म्हाडाचे फॉर्म बावीस वर्षं भरलेत. फोरमनला म्हाडा समजावून सांगितली तर त्याचे डोळे भरून आले, म्हणाला अरे तुमच्याकडं पण मूस आहेत?

तर यंदा मार्चमध्ये तो वैतागून म्हणाला, आपण प्रोव्हिन्सच्या, म्हणजे ऑन्टारियो राज्याच्या, बाहेर जाऊ. आपण म्हणजे तो, अकाउंटवाला, ट्रक चालवणारे आमचे पाजी आणि मी. मी का? तर गेल्या ख्रिसमसला मी शॉपमध्ये तांबडा-पांढरा करून नेला होता, तेव्हापासून फोरमनच्या मनात 'मूस प्लस तांबडा' हे समीकरण बसलंय.

मला वाटलं कॅनडा एक देश, मी त्याचा नागरिक, शपथ घेतलीय, राष्ट्रगीत दोन्ही भाषांत तोंड हलवून म्हणतो, मग अडचण काय? अडचण अशी की शिकारीच्या बाबतीत प्रत्येक प्रोव्हिन्स म्हणजे वेगळं संस्थान. शेजारच्या प्रोव्हिन्सचा माणूस तिथं 'नॉन-रेसिडेंट'. ब्रिटिश कोलंबियात तिथला गाइड हवा, नाहीतर तिथलाच रहिवासी, तोही परमिट काढून. अल्बर्टात गाइड नाहीतर 'होस्ट', म्हणजे सोबत येणारा यजमान, लागतो. केबेकात ५२ व्या अक्षांशाच्या वर गेलात की आउटफिटर, म्हणजे शिकारीचा कॅम्प चालवणारा माणूस, लागतोच. न्यू ब्रन्सविकात बाहेरच्यांना वेगळा ड्रॉ आणि सीझन जेमतेम पाच दिवसांचा, एवढ्यात तर आमच्या अकाउंटवाल्याचं पोटसुद्धा साफ होत नाही. प्रिन्स एडवर्ड आयलंडचे नियम वाचायला मी अख्खा रविवार घालवला आणि मग फोरमननं सांगितलं की तिथं मूसच नाहीत.

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी ऑफिशियली परप्रांतीय झालो हो. हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो, चौकात बॅनरवर वाचला, एकदोनदा टाळ्याही वाजवल्या असतील, आता खोटं कशाला बोलू. पण तो आपल्याला लागू होईल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. फोरमनला म्हटलं, डोमिसाइल काढता येईल का कुठलं? माझा कॉलेजचा मित्र तहसील कचेरीत आहे. तो म्हणाला, कुठल्या प्रोव्हिन्सच्या? म्हटलं करवीर.

शेवटी न्यूफाउंडलंड ठरलं. तिथंही परप्रांतीयाला आउटफिटरकडून पॅकेज घ्यावं लागतं पण मूस बक्कळ, माणसं पाच लाखांच्या वर आणि मूस लाखाच्या आसपास, म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबामागं एक. आणि आता गंमत ऐका. या बेटावर मूस मुळात नव्हतेच! १९०४ साली न्यू ब्रन्सविकमधून चार मूस आणून हाउली गावाजवळ सोडले, दोन नर दोन माद्या. आज जे लाखभर फिरतायत ते बहुतेक याच चौघांचं खटलं. बरं न्यूफाउंडलंड कॅनडात आलं १९४९ ला, म्हणजे १९०४ मध्ये हे चौघं परप्रांतीय पण नव्हते, चक्क परदेशी होते. त्यांना ना ड्रॉ, ना पॉइंट, ना होस्ट. आले आणि राहिले, आणि आता ते 'लोकल' आणि मी बाहेरचा! हे मी पाजींना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, पुत्तर, पहिली पिढी थोडी तकलीफ काढते.

मग लायसन्स. बाकी तिघांकडं होतं, मला बंदुकीचं लायसन्स नव्याने काढायचं होतं. आधी सेफ्टी कोर्स. दोन दिवस एका हॉलमध्ये बसून खोट्या गोळ्या भरायच्या काढायच्या, आणि सगळ्यात पहिला धडा काय, तर प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. मला हे सोपं गेलं, लग्नाला चौदा वर्षं झालीत. (हा जोक मी कोर्समध्ये इंग्लिशमधून मारला, कुणी हसलं नाही, इन्स्ट्रक्टरनं काहीतरी टिपून घेतलं.) पास व्हायला ऐंशी टक्के लागतात, माझ्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त. पास झालो.

खरी परीक्षा फॉर्मवर होती. फॉर्मवर बायकोची सही मागतात. नाही केली तरी चालतं, पण मग ऑफिस स्वतः तिला कळवतं की बाई, तुमच्या ह्यांना बंदूक हवीय. आणि खाली छापलेलं असतं की काही काळजी वाटत असेल तर या नंबरवर फोन करा. माझी बायको सांगलीची, फॉर्म कधीच वरवर वाचत नाही. तिनं तो नंबर कागदावर लिहून घेतला, फ्रिजवर मॅग्नेटनं लावला आणि म्हणाली, "अहो, सही करते पण बेसमेंटचा नळ गळतोय तो आधी बघा." नळ झाला. मग गॅरेज. मग तिच्या मावसभावाला एअरपोर्टवरनं आणणं. एका सहीवर तिनं माझ्याकडून जेवढं काढून घेतलं तेवढं हुंड्याच्या काळात जावयांनी सासऱ्यांकडून काढलं नसेल. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला वरून किमान २८ दिवस थांबवतात. त्या २८ दिवसांत मी कधी नव्हे ते भांडी पण लावली, कारण येता-जाता फ्रिजवर तो नंबर दिसायचा.

इकडं आउटफिटरशी बोलायचं काम माझ्याकडं आलं, कारण "तुला ॲक्सेंटची सवय आहे" असं फोरमनचं लॉजिक. तो म्हणाला संध्याकाळी आठला फोन कर. मी आठला केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सातला केला, तर म्हणाला काल वाट बघून झोपलो. न्यूफाउंडलंडचं घड्याळ आमच्यापेक्षा दीड तास पुढं! एक नाही, दोन नाही, दीड. हे अर्ध्या तासाचं शेपूट मला वाटायचं फक्त आपल्याला आणि आजूबाजूच्या दोन-चार देशांना आहे. पण त्यात एक सुख निघालं, तिकडनं कोल्हापूरला फोन करायचा तर बरोब्बर आठ तासांचा फरक, अर्धा बिर्धा काही नाही, दोन्हीकडची शेपटं कटली. आईसाठी ती जागा टोरांटोपेक्षा सोयीची आहे.

बोलणं छान झालं. म्हणजे मला तीसेक टक्के कळलं. न्यूफाउंडलंडची माणसं भारी प्रेमळ, तो दर वाक्याला मला 'माय लव्ह' म्हणत होता. साठीचा बाप्या, आवाज काँक्रीट मिक्सरसारखा, आणि "व्हॉट टाइम यू कमिंग, माय लव्ह?" फोन स्पीकरवर होता. बायको भाजी चिरायची थांबली. तिला समजवायला मला न्यूफाउंडलंडच्या संस्कृतीवर वीस मिनिटं बोलावं लागलं, तरी तिनं विचारलंच की कॅम्पवर नक्की कोण कोण असतं.

रेट ऐकल्यावर मात्र प्रेम आटलं. माणशी सहा हजार डॉलरच्या वर. मी इथं येऊन अकरा वर्षं झाली तरी अजून रुपयांत करून बघतो, साडेतीन लाखांच्या पुढं. एवढ्यात आप्पांनी शिरोलीत अख्खं घर बांधलं होतं. शिवाय आमच्या शॉपपासून नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीपर्यंत दोन हजार किलोमीटरच्या आसपास ड्रायव्हिंग, तिथून पोर्ट ऑ बास्कला सहा-सात तासांची बोट, आणि बोट वारा असेल तर निघत नाही. त्या किनाऱ्यावरचा वारा असा की पूर्वी रेल्वेचे डबे रुळावरून पाडायचा, म्हणून रेल्वेनं तिथल्याच एका माणसाला वाऱ्याचा अंदाज सांगायला पैसे देऊन ठेवलं होतं. नुसतं घराबाहेर येऊन हवा हुंगायची आणि फोन करायचा, आज गाडी सोडू नका. मला तो जॉब फार आवडला. पण ती रेल्वे १९८८ ला बंद झाली.

उतरल्यावर रात्री गाडी चालवायची नाही, कारण रस्त्यावर मूस. पाय उंच असल्यानं गाडी पायांना धडकते आणि चारशे किलोचं धड सरळ काचेतून मांडीवर. म्हणजे सहा हजार न भरता मूस मिळतो, फक्त आपण उरत नाही.

आणि येताना? मटण दोन-अडीचशे किलो, ट्रेलरवर फ्रीझर, फ्रीझरला जनरेटर, जनरेटरला पेट्रोल. मटण आणता येतं, शिंगं आणता येतात, पण बटाटा आणता येत नाही! खरं सांगतोय. तिथल्या मातीत बटाट्याची कीड-रोग आहेत म्हणून बटाटे बेटाबाहेर काढायला बंदी, गाडीला माती लागलेली असेल तर बोटीआधी धुवायला लावतात. चाकाला चिखल चालत नाही, ट्रेलरमध्ये मूसचं मटण चालतं. रश्श्यात घालायचे बटाटे तिथलेच घेतले तर तिथंच संपवायचे, ही नोंद अकाउंटवाल्यानं एक्सेलमध्ये वेगळ्या लाल रंगात केलीय.

त्याच एक्सेलनं माझा घात केला. चौघांचं पॅकेज बसेना, तेव्हा अकाउंटवाल्यानं शोध लावला की 'नॉन-हंटर' म्हणून सोबत जाणाऱ्याला रेट बराच कमी पडतो. मग तिघंही माझ्याकडं बघायला लागले. म्हणजे कोर्स केला, सही मिळवली, नळ दुरुस्त केला, आणि आता मी जाणार तो कुक म्हणून. लायसन्सचं कार्ड पोस्टानं आलंय, फोटो बरा आलाय, सध्या पाकिटात लायब्ररी कार्डाच्या मागं असतं.

राहता राहिली तारीख. मूस बोलवायचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य, माजावर असतात, बर्चच्या सालीचा भोंगा करून मादीसारखं रेकलं की नर स्वतःहून येतो. मी कालनिर्णय काढलं. यंदा अधिक महिना, सगळं पुढं सरकलेलं. गणपती १४ सप्टेंबरला, तो संपला की पितृपक्ष, ११ ऑक्टोबरला घट, २० ला दसरा. म्हणजे मूस माजावर तेव्हा आमच्याकडं एकतर पितर नाहीतर देवी. आईला विचारलं तर म्हणाली, "नवरात्रात अंबाबाईच्या गावचा पोरगा मटण शिजवतोय व्हय?" विषय संपला.

फोरमनला समजावताना घाम फुटला. अधिक महिना म्हणजे काय, तर साधारण तीन वर्षांनी एक महिना एक्स्ट्रा. तो गंभीर होऊन म्हणाला, मग त्या महिन्याचा पगार मिळतो? पितृपक्ष सांगितला, पूर्वज कावळ्याच्या रूपात जेवायला येतात हे सांगितलं, पाजी मध्येच हसले, अकाउंटवाल्यानं कावळ्यांचा खर्च विचारला. शेवटी सगळ्यांनी माझ्या धार्मिक भावनांचा मान राखून २३ ते २९ ऑक्टोबर ठरवलं. मला एकदम भरून आलं, म्हटलं काय समजूतदार लोक आहेत, आपण उगाच.

परवा रात्री साडेदहाला फोरमनचा फोन. आवाज पडलेला. म्हणाला ती तारीख कॅन्सल. का? तर २५ ला पौर्णिमा येतेय, आणि पौर्णिमेच्या आठवड्यात त्याचा बाप कधी जंगलात गेला नाही, त्याचा आजा कधी गेला नाही, चांदण्यात मूस रात्रभर चरतो आणि दिवसा झोपतो, त्या आठवड्यात बंदूक उचलणं म्हणजे अपशकुन.

म्हटलं ती कोजागिरी आहे. तो म्हणाला, हे तुमच्या कॅलेंडरमध्ये छापलेलं असतं?

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं कालनिर्णय काढून नेऊन त्यालाच दिलं. आता शॉपमध्ये ड्रिल मशीनशेजारी लटकतंय, आणि तो रोज डब्याच्या वेळेला येऊन मला विचारतो, ही चतुर्थी चालेल का?