खाजनात तिवरं उगवली, हे चांगलं लक्षण आहे का?

खाजन म्हणजे गोव्यात नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली सखल शेतजमीन. मांडवी-झुवारीच्या काठाने फिरताना, चोडण-दिवाडीला जाताना रस्त्याच्या कडेला दाट खारफुटी दिसते आणि लोक हमखास विचारतात, "निसर्ग परत येतोय, मग शेतकरी नाराज का?" प्रश्न मनापासून असतो, म्हणून उत्तर नीट देतो. खारफुटी बांधाच्या कुठल्या अंगाला आहे, ते आधी बघा.

नदीच्या अंगाला असेल तर तिचं एक झाडही जाऊ नये. लाटांचा मार ती झेलते, मुळांत गाळ धरते, त्यामुळे बांधाचा पायथा खचत नाही. पण आतल्या अंगाला, जिथे पूर्वी कोरगुट भात पिकायचं, तिथे तिवरं, म्हणजे खारफुटीचीच झाडं, उभी राहिली तर त्याचा अर्थ एकच: खारं पाणी आत शिरतंय. तिवराचं बी भरतीवर तरंगत येतं आणि ओल्या चिखलात रुजतं. त्याचं पान जिभेला लावून बघा, खारट लागेल. कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे बारीक कण दिसतात, कारण शोषलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. कोरगुट इतर भातांपेक्षा खारेपणा जास्त सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. जूनच्या पावसाने शेतातलं मीठ धुऊन मानशीवाटे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावाटे, बाहेर गेलं, तरच पेरणी जमते.

"मानस उघडतं-मिटतं कोण?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. पाणीच. लाकडी दार वरच्या बाजूला टांगलेलं असतं. भरती चढली की नदीचं पाणी त्याला चौकटीवर दाबून धरतं. ओहोटीला आतल्या पाण्याची पातळी वर राहते आणि ते दार बाहेर ढकलून निघून जातं. दिवसातून दोनदा. दार मिटलेलं असतं तेवढा वेळ पावसाचं पाणी पोंयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्यात, आणि शेतात थांबतं. म्हणून खाजनात मातीचा भराव पडला की तेच पाणी वाड्यावर चढतं.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा छोट्या गोष्टीत. दार आणि चौकटीच्या मध्ये प्लास्टिकची बाटली किंवा ओंडका अडकतो आणि बोटभर फट राहते. पाण्यातले किडे लाकूड पोखरतात. जास्त मासळी मिळावी म्हणून भरतीच्या वेळी दार मुद्दाम उघडं ठेवलं जातं; मानशीवर मासे धरण्याचा हक्क घेणारा आणि भात लावणारा वेगळे असले की हे भांडण ठरलेलं. बांधात कुर्ल्या बिळं करतात. एका बिळातून झिरपणारं पाणी माती नेत जातं, भोक मोठं होतं आणि एखाद्या अमावास्येच्या उधाणाला बांध फुटतो.

भोक लहान असतानाच बुजवायला हवं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते, तेव्हा ओहोटी लागल्याबरोबर काम धरतात. आधी बीळ शेवटपर्यंत उकरायचं, वरून नुसता चिखल थापायचा नाही. मग चिकट गाळ आणि भाताचा पेंढा थरावर थर घालून पायांनी तुडवायचं आणि नदीच्या अंगाला चिरे किंवा दगड लावायचे. कोरडी लाल माती टाकली तर ती पुढच्या भरत्यांबरोबर वाहून जाते.

"मग आतली खारफुटी तोडायची का?" नुसती तोडून काहीच साधत नाही, बांध फुटका असेल तोवर भरती नवं बी आणतच राहणार. शिवाय खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीवाचून हात लावता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण २०११च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचाही स्पष्ट उल्लेख आहे: त्यांचे नकाशे करा, व्यवस्थापन आराखडा बनवा, तिथे विकासकामं नकोत. खारफुटीचं कलम सगळ्यांना पाठ आहे, खाजनाचं कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. भात, पोंयीतली मासळी आणि गावाचं पाणी धरून ठेवणारी जागा, तिन्ही एकदम जातात आणि आपण लांबून हिरवा रंग बघून समाधान मानतो.

तुमच्या गावात खाजन असेल तर येत्या पौर्णिमेला भरती भरत असताना मानशीच्या आतल्या बाजूला जाऊन उभे राहा. दारातून चिळकांडी उडताना दिसली, तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि कुळांच्या संघाकडे त्याच आठवड्यात द्या. पुढचं उधाण पंधरा दिवसांवर असतं.