हळदीला लागलेली धाप

दादाच्या हळदीला मी स्वतः ट्रॅक करणार, असं मी चार मावश्यांच्या देखत बोलून बसलो. माझ्याकडे लॅपटॉप होता, हेडफोन होते, आणि लग्नाला तीन आठवडे होते.

मला हवं होतं पंपिंग. म्हणजे किक, ड्रमचा तो जाड ठोका, पडली की मागचे सूर दबतात, किक ओसरली की फुगून वर येतात, अख्खं गाणं धापा टाकत नाचतं. २००४ साली डीजे एरिक प्रिड्झच्या ‘कॉल ऑन मी’मध्ये हे इतकं ठसठशीत होतं की आम्ही होतकरू अजून त्याच धापेमागे धावतोय. गंमत म्हणजे कॉम्प्रेसरचा, आवाज चढला की तो दाबणाऱ्या यंत्राचा, असा श्वास ऐकू येणं ही एरवी ध्वनिमुद्रकाची चूक समजतात.

युक्ती साधी. कॉम्प्रेसर लावायचा सुरांवर, पण कान द्यायला सांगायचं किककडे. हेच साइडचेन. आमच्या घरी ते कित्येक वर्षं चालू आहे. बाबा फोनवर राजकारण बोलत असतात, आई नुसतं “अहो” म्हणते, की बाबांचा आवाज खाली. ती स्वयंपाकघरात गेली की तो हळूहळू वर येतो. खाली जायला लागतो तो अटॅक, वर यायला लागतो तो रिलीज. बाबांचा अटॅक जवळपास शून्य आहे.

माझं मात्र जमेना. पहिली रात्र कॉम्प्रेसर किकऐवजी स्वतःचंच ऐकत होता, कारण साइडचेनचं बटण मी दाबलंच नव्हतं. दुसऱ्या रात्री किकऐवजी सगळे ड्रम जोडले. हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमवरच्या झांजांच्या, प्रत्येक टिकटिकीला सूर दचकायला लागले, थंडी वाजल्यासारखे. मग अटॅक इतका कमी केला की प्रत्येक किकला टचकन आवाज. मग रिलीज वाढवला. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत एका किकपासून दुसरीपर्यंत जेमतेम ४६९ मिलिसेकंद असतात. मी दिले ८००. सूर पहिल्या किकला जे खाली बसले, ते उसन्या पैशांसारखे पुरते परत आलेच नाहीत.

शेवटी रिलीज अडीचशेच्या आसपास आणला आणि गाणं श्वास घ्यायला लागलं. रात्री दोनला, डोळ्यांत पाणी. हेडफोन काढून स्पीकरवर लावलं. आतून आई म्हणाली, “पंखा अडकतोय का रे?”

गाण्याच्या मधल्या ब्रेकमध्ये किक नसते, तिथेही धाप हवी तर एक मुकी किक ठेवतात, फक्त कॉम्प्रेसरला ऐकू जाणारी. मी म्हटलं, राहू दे, तेवढाच सुरांना आराम.

हळदीच्या दिवशी ट्रॅक सुरू झाला. मांडवातली मंडळी नाचायची थांबून वर बघायला लागली. मोठी मावशी म्हणाली, “लाइट कमी-जास्त होतोय वाटतं.” काकांनी डीजेवाल्याला हाक मारली, “अरे, आवाज येतोय-जातोय! कनेक्शन बघ!”

मी “तो मुद्दामच...” म्हणेपर्यंत तो माणूस स्पीकरपाशी पोचला होता. त्याने वायर काढून फुंकली, परत खुपसली, आणि खोक्यावर एक सणसणीत थाप मारली. नेमका त्याच क्षणी ब्रेक आला. किक थांबली, सूर अखंड, तुपासारखे वाहायला लागले. मांडवात टाळ्या. काकांनी खिशातून शंभराची नोट काढली.

“लूज होतं, साहेब,” तो म्हणाला.

सोळा आवर्तनं झाली की किक परत येणार होती. हे फक्त मला माहीत होतं.