पुन्हा प्रयत्न करा
तीन तास खपून तयार केलेला अहवाल एसडी कार्डवर जतन करायला गेलो, तर पडद्यावर चौकट उमटली : 'काहीतरी चुकले आहे. पुन्हा प्रयत्न करा.' खाली दोनच बटणे, 'पुन्हा प्रयत्न' आणि 'रद्द'.

हे सॉफ्टवेअर लिहिणारे गृहस्थ माझ्याच मागच्या टेबलावर बसतात, हे मी तोवर माझे सुदैव समजत होतो.

"पुन्हा प्रयत्न केलात का?" त्यांनी आस्थेने विचारले.

"अकरा वेळा."

"मग बाराव्यांदा करून पाहा."

मी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरची नोंदवही, उघडला. लिनक्स या कार्यप्रणालीने अकराही वेळा त्रुटी क्रमांक ३०, म्हणजे ईआरओएफएस, असे निःसंदिग्ध उत्तर दिले होते : येथे फक्त वाचता येईल. कार्डाच्या कडेची इवलीशी कळ सरकली होती, एवढेच. (ही कळ कार्डाच्या आत कशालाही जोडलेली नसते, ती कुठे आहे हे कार्ड रीडरने पाहायचे आणि तिचा मान ठेवायचा. फ्लॉपीच्या काळी तर सव्वापाच इंचीची खाच झाकली की लेखन बंद होई आणि साडेतीन इंचीचे भोक उघडले की बंद होई.)

"कारण सॉफ्टवेअरला कळले होते, मग मला का सांगितले नाही?"

"लोक घाबरतात हो. शिवाय त्रुटी कोणतीही असो, संदेश एकच ठेवला की भाषांतरही एकदाच करावे लागते."

क्रमांक २८ आला, म्हणजे जागा संपली, तर माणूस चार फायली पुसून पुन्हा प्रयत्न करील; परंतु ३० आल्यावर त्याच दारावर बाराशे वेळा डोके आपटले तरी ते उघडत नाही. अशा वेळी मजकूर मेमरीत जपून दुसरी जागा विचारावी, एवढेच माझे मागणे होते.

"त्यापेक्षा लिहिण्याआधी कार्डालाच विचारून घेऊ," ते म्हणाले.

"विचारल्यानंतर आणि लिहिण्याआधी ते पालटले तर? ईएक्सटी४ या फायली ठेवण्याच्या व्यवस्थेची मांडणी तशी असेल, तर बिघाड आढळताच लिनक्सचा गाभा असलेले कर्नेल चालू फाइल सिस्टिमही फक्त वाचनापुरती करून टाकते."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग दोनदा विचारू."

लेखनाला आधी होकार मिळून एफसिंकच्या वेळी, म्हणजे लिहिलेले खरोखर कार्डावर उतरवून घेताना, नकार आला, तर काय करता, हा प्रश्न मी गिळला. त्यांचे सॉफ्टवेअर एफसिंक करतच नाही, हे लॉगमध्ये दिसत होते.

कार्ड बाहेर काढून मी नखाने कळ सरकवली आणि वळून पाहतो, तर ते माझ्या खुर्चीत बसलेले.

"ती चौकट उगीच अडकून पडली होती," ते म्हणाले. "रद्द केली."