लग्न घरचं, मांडव लंडनला

रविवार, १९ ऑक्टोबर २०२५. काल धनत्रयोदशी झाली, उद्या पहाटे अभ्यंगस्नान, आणि मधल्या या एकुलत्या एक मोकळ्या दिवशी चकल्या झाल्याच पाहिजेत असा बायकोचा फतवा पंधरा दिवसांपासून फ्रिजवर चिकटवलेला. भाजणी थेट सांगलीहून, एका ओळखीच्यांच्या बॅगेतून आलेली, त्यांच्या शर्टांना अजून धण्याजिऱ्याचा वास येत असणार. सकाळी नऊला बेल वाजली. दारात शेजारचे काका. अंगात जॅक्सनविल जॅग्वार्सची, म्हणजे फ्लोरिडातल्या आमच्या गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमची जर्सी, एका हातात गॅसचा सिलिंडर, दुसऱ्या हातात ती दणकट शेगडी जिच्यावर ते थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तळतात, आणि चेहरा असा की दहाव्याला आलेत.

यांना आम्ही घरात डुव्हालकाका म्हणतो. जॅक्सनविल ज्या काउंटीत येतं तिचं नाव डुव्हाल, आणि जॅग्वार्सवाले एकमेकांना भेटले की 'हर हर महादेव'च्या थाटात 'डूऊऊऊव्हाल' असं ओरडतात. नुसतं काउंटीचं नाव, पुढेमागे काही नाही. म्हणजे आपण मॅचला जाऊन 'मिरज तालुकाआआ' असं बोंबलण्यासारखं. काका तर कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवतानाही ओरडतात. त्या दिवशी मात्र गप्प.

"ही शेगडी तूच वापर," म्हणाले. "मला आज काय उपयोग? आज आमची होम मॅच आहे."

होम मॅच आहे म्हणून शेगडीचा उपयोग नाही. हे वाक्य कळलं त्याला जॅक्सनविल कळलं. कारण होम मॅच होती वेम्ब्ली स्टेडियमवर. लंडनमध्ये. इथून साडेसहा हजार किलोमीटरच्याही वर. २०१३ पासून जॅग्वार्सची दरवर्षी एक तरी होम मॅच लंडनला जाते, लेक सासरी जाते तशी, फरक इतकाच की लेक माहेरपणाला येते. अपवाद फक्त २०२०चा. त्या वर्षी एक नाही, दोन होम मॅच लंडनला न्यायचं ठरलं होतं, गावात नुसता संताप, आणि मग कोरोना आला आणि दोन्ही रद्द. काका म्हणतात, देवाने माझं ऐकलं रे, पण जरा जास्तच ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल की एका मॅचचं काय एवढं. अहो, मॅचेस असतात किती! क्रिकेटसारखं बारा महिने तेरा काळ नाही. २०२१ पासून सीझन सतरा मॅचचा झाला, सतरा म्हणजे विषम, म्हणून एका वर्षी घरच्या आठ आणि एका वर्षी नऊ. त्यातून एक लंडनला गेली की आठ उरतात, आणि २०२४ सारख्या आठवाल्या वर्षी तर सातच. या सात-आठ रविवारांवर हा माणूस वर्ष काढतो. मॅच हे निमित्त, खरी गंमत टेलगेटिंगची. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये सकाळीच गाड्या लावायच्या, डिकी उघडायची, शेगड्या पेटवायच्या आणि मॅचपर्यंत खायचं-प्यायचं, थोडक्यात हुर्डा पार्टी, फक्त हुर्ड्याऐवजी सॉसेज आणि उसाच्या रसाऐवजी जे असतं ते. काकांची पार्किंगमधली जागा ठरलेली, शेजारी ठरलेले, भांडणंसुद्धा ठरलेली. आणि घरच्या या लग्नाचा मांडव दरवर्षी एकदा दुसऱ्याच्या दारात पडतो, यजमान म्हणून नाव मात्र यांचंच.

बरं, कारण काकांनाही कळतं. जॅक्सनविल गाव आकाराने अवाढव्य पण एनएफएलच्या, म्हणजे या फुटबॉलच्या लीगच्या हिशेबात छोटं, लंडनला पैसा जास्त. मालक शाहिद खान, जन्म लाहोरचा, सोळाव्या वर्षी इलिनॉयला शिकायला आले, भांडी घासून दिवस काढले, २०१२ मध्ये टीम घेतली आणि पुढच्याच वर्षी लंडनचा फुलहॅम हा सॉकरचा क्लब. २०१८ मध्ये तर वेम्ब्लीच विकत घ्यायला निघाले होते, तो बेत फसला, पण त्या काळात काका रोज सकाळी पेपर असा उघडायचे जसा आपण दहावीचा निकाल बघतो. टीमच उचलून लंडनला नेली तर? ही धास्ती इथे प्रत्येकाच्या पोटात आहे.

तर आमचं ठरलं की चकल्या मागच्या अंगणात, काकांच्या शेगडीवर. काकांनी टीव्हीसुद्धा उचलून आमच्या अंगणातल्या टेबलावर आणून ठेवला, वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून. पार्किंग नाही तर तुझं अंगण, म्हणाले. बायकोने कढई चढवली, मी सोऱ्या धरला, लेकाचं काम प्लास्टिकचे कागद पुसून देणं. काकांनी पहिली चकली निरखून बघितली, काटे मोजल्यासारखं केलं आणि विचारलं की हे मशीन कुठे मिळतं.

साडेनऊला मॅच सुरू. म्हणजे लंडनला दुपारचे अडीच. समोर लॉस अँजेलिसचे रॅम्स, त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे साडेसहा, अगदी काकड आरतीची वेळ. तिकडच्या माझ्या मित्राचा मेसेज आला, 'उठलोय, पण का उठलोय माहीत नाही.' आणि सांगलीत? संध्याकाळचे बरोब्बर सात. एरवी एनएफएलची मॅच भारतात बघायची म्हणजे रात्रीचं जागरण, आणि ही लंडनची मात्र अशी की दिवेलागण झाली, हातपाय धुतले, चहा घेतला आणि बसले. जॅक्सनविलची होम मॅच, लंडनचं मैदान, आणि सगळ्यात सोयीची खुर्ची आमच्या बाबांची! म्हणून मी आदल्या रात्रीच बाबांच्या टीव्हीवर सगळं सेट करून ठेवलं होतं.

व्हिडिओ कॉल लावला. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, रिटायर होऊन सतरा वर्षं झाली तरी जगाकडे अजून टाइमटेबल म्हणूनच बघतात.

"बाबा, लावली का मॅच?"

"लावली होती. काढली. आज स्मृती खेळतीय."

हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. त्याच वेळेला इंदूरला महिलांचा वर्ल्ड कप, भारत-इंग्लंड, २८९ चं टार्गेट, आणि स्मृती मानधना म्हणजे आमच्या सांगलीची. तिच्यापुढे एनएफएल काय, घरात सत्यनारायण असता तरी तो पुढे ढकलला असता.

"पण तुमची ती गाडी कुठल्या डेपोची?" बाबांनी मधेच विचारलं.

"जॅक्सनविलची."

"मग लंडनातून का सुटतीय?"

काकांना भाषांतर करून सांगितलं. काका उठून उभे राहिले, फोनपाशी आले आणि म्हणाले की बारा वर्षं मी हाच प्रश्न विचारतोय. मग काय, दोघांचं जमलंच, मध्ये मी दुभाषी, हाताला पीठ, सोऱ्याची दांडी अर्धवट फिरवलेली, आणि बायको म्हणतेय तेल तापलंय, तेल तापलंय.

बाबा म्हणाले, आपल्याकडेही झालंय की असं. २०१६चा दुष्काळ आठव. मैदानाला पाणी नको म्हणून हायकोर्टाने आयपीएलच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर घालवल्या, मुंबईवाले 'घरची' मॅच खेळायला विशाखापट्टणमला गेले. त्याच एप्रिलमध्ये आपल्या मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली होती. "तिथं पाणी नव्हतं म्हणून गेले. तुमच्या मालकाला पाणी कमी पडलं काय?"

आता यांना काय सांगायचं! जॅग्वार्सच्या स्टेडियममध्ये, म्हणजे प्रेक्षकांत हां, २०१४ मध्ये पोहायचे हौद बांधले. लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मॅच बघतात. बाजूला सेंट जॉन्स नदी दुथडी. मी सांगितलं तर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

इकडे वेम्ब्लीवर आमची धुलाई सुरू. त्या रॅम्सनी शहाणपणा असा केला होता की आदल्या आठवड्यात बाल्टिमोरला मॅच झाली तर घरी गेलेच नाहीत, तिथेच मुक्काम ठोकला आणि लंडनला अगदी आयत्या वेळी उतरले, पाहुण्याने जेवणाच्या ताटावर यावं तसे. आणि पाहुणाच जेवून गेला. सात, चौदा, एकवीस. आमच्या नावापुढे भोपळा. काकांना त्याहून जास्त त्रास प्रेक्षकांचा. लंडनच्या मॅचला लोक वाट्टेल त्या टीमची जर्सी घालून येतात, बत्तीसच्या बत्तीस टीम दिसतात, समोर कोण खेळतंय याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे लग्नाला फेटा बांधून आलेला माणूस नवरदेवाचं नाव विचारतो, तसंच. कॅमेऱ्याने एकाला दाखवलं, तिसऱ्याच टीमची, पॅकर्सची जर्सी, हातात बिअर, अत्यानंद.

"हा बघ!" काका ओरडले. "हा माझ्या घरात बसलाय! आणि हसतोय!"

खरं सांगू का, मला तो माणूस आवडला. वर्षातून दोन-तीनदा लंडनला ही जत्रा येते, तो नटूनथटून येतो, पंटला, म्हणजे डाव सोडून देताना बॉलला मारलेल्या लाथेलासुद्धा टाळ्या वाजवतो, त्याचं काय चुकलं? मी स्वतः सप्टेंबरात एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये ढोल वाजवून आलोय. आमच्या इथल्या मंडळाची दिवाळी तर हॉल मिळेल त्या शनिवारी असते. पण हे काकांना त्या क्षणी सांगण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या हातात गरम झारा होता.

मग काकांनी दुसऱ्यांची दुःखं आठवून मन रमवलं. हे त्यांचं नेहमीचं. ग्रीन बेचे पॅकर्स आणि फिलाडेल्फियाचे ईगल्स, दोन्ही हिरव्या रंगाच्या टीम, २०२४ मध्ये ब्राझीलला साओ पाउलोला नेल्या, आणि मैदान निवडलं तिथल्या कोरिंथियन्स या सॉकर क्लबचं, ज्यांचा उभा दावा पाल्मेरासशी, आणि पाल्मेरासचा रंग हिरवा! (आमच्या कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉल बघणारा माणूस यावर सगळ्यात आधी पोलीस बंदोबस्ताचं विचारेल.) २०१६ मध्ये वॉशिंग्टन आणि सिनसिनाटी वेम्ब्लीपर्यंत गेले आणि २७-२७ बरोबरीत सोडवून परत आले. समुद्र ओलांडून कुणी बरोबरी करायला जातं का?

एकवीस-शून्यला मी हळूच म्हटलं, बंद करू या का, चकल्या पटापट होतील. काका माझ्याकडे असे वळले की मी त्यांचं घर गहाण टाकलंय. "२०१४. वेम्ब्ली. डेट्रॉइट विरुद्ध अटलांटा. हाफटाइमला एकवीस-शून्य. कोण जिंकलं?" मला कुठलं माहीत. "डेट्रॉइट! बावीस-एकवीस! शेवटच्या सेकंदाला किक चुकली, पण पेनल्टी लागली म्हणून परत मारायला मिळाली, आणि पाच यार्ड मागून गेली!" आणि मग त्या किकरचं पाऊल कसं पडलं, ते झारा हातात घेऊन प्रात्यक्षिकासह. लेक हसायला लागला, मी बघत राहिलो, बायको नेमकी आत डबे पुसायला गेलेली. कढईत एक अख्खा घाणा, नऊ चकल्या, आधी बदामी, मग तांबूस, मग कॉफी, मग काळ्या.

काकांनी त्यातली एक उचलली, खाल्ली आणि म्हणाले, छान कुरकुरीत आहेत. बायकोने त्या नऊच्या नऊ त्यांना डब्यात घालून दिल्या. हा मान की शिक्षा हे मी विचारलं नाही.

मॅच संपली पस्तीस-सात. सात केले कसेबसे, तेही लाजेकाजेस्तव. काकांनी वायर गुंडाळायला घेतली. बाबांना परत फोन लावला तर तिकडेही सुतक. स्मृतीने ८८ केल्या आणि तरी भारत चार रनांनी हरला.

"चार?" काका म्हणाले. "चारने हरणं जास्त वाईट." हे मी बाबांना सांगितलं. बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "गाडी डेपोत परत कधी येणार, विचार त्यांना."

काकांना तोंडपाठच होतं. आधीची घरची मॅच १२ ऑक्टोबरला, मग हे लंडन, पुढचा आठवडा सुट्टी, मग लास व्हेगस, मग ह्यूस्टन, आणि जॅक्सनविलला थेट १६ नोव्हेंबर.

"महिनाभर डेपोत गाडीच नाही?" बाबा खुर्चीत सरळ बसले. "आमच्या स्टँडवर काचा फुटल्या असत्या!"

मी भाषांतर केलं. काकांनी वायर खाली टाकली, फोन माझ्या हातातून घेतला, अगदी तोंडाजवळ धरला आणि दिवसभराचं साठलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं.

"डूऊऊऊऊव्हाल!"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग बाबांचा आवाज, जरा घाबरलेला: "काय रे, भाजलं काय त्यांना? पाणी घाल आधी हातावर!"