लिहायला बसलेय, हाक मारू नका

लिहायचंय हे मनात ठेवायचं असतं, घरात बोलून दाखवायचं नसतं. मी आपली जेवताना सहज म्हणून गेले की आता मराठीत काहीतरी लिहीन म्हणते, आठवड्याला एक लेख वगैरे, तर नवरा आमटी वाढून घेत "अरे वा" म्हणाला, लेकीने "कशावर?" असं विचारलं (इतका खवचट प्रश्न एवढ्याशा पोरीला सुचतो कसा) आणि सासऱ्यांनी "झाला की दे माझ्याकडे, तपासून देतो" म्हणून जाहीर करून टाकलं. झालं. तेव्हापासून येताजाता "झाला का लेख?", अगदी "दळण आणलं का?"च्या सुरात.

आता विषय. पहिला लेख पावसावर लिहायचा अशी आपल्याकडे पद्धतच असावी, म्हणून मीही पाऊस घेतला, मृद्गंध घातला, खिडकीशी वाफाळता चहा ठेवला, आणि बाहेर बघते तर एप्रिलचं रखरखीत ऊन आणि समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. पाऊस रद्द. मग आजी. आजीवर लेख म्हणजे हुकमी, सुरकुतलेले हात, पुरणपोळी, मऊ लुगड्याची गोधडी, पण आमच्या आजीला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा होता, ती शिरासुद्धा चिकट करायची आणि दुपारभर पत्ते कुटायची. खरं लिहिलं तर आई फोन ठेवून देईल. आजीही रद्द.

विषय नाही तर नाही, निदान नाव तरी ठरवू म्हटलं. स्वतःच्या नावाने लिहायचं म्हणजे ऑफिसात कळणार आणि मग लंचला सगळे "लेखिकाबाई" म्हणणार, त्यापेक्षा टोपणनाव बरं. त्यातही आपल्याकडे मोठी परंपरा आहे, गडकऱ्यांनी धाकट्या भावावरून गोविंदाग्रज घेतलं, शिरवाडकरांनी बहिणीवरून कुसुमाग्रज. धाकटा भाऊ मलाही आहे. पण त्याला आम्ही जन्मभर पिंट्या म्हणत आलोय आणि पिंट्याग्रजा या नावाने कुणी चार ओळी गंभीरपणे वाचेल असं मला वाटत नाही.

बरं, हे सगळं डोक्यात. कागदावर, म्हणजे स्क्रीनवर, काहीच नाही, कारण मराठी टायपिंग. मोबाईलवर इंग्रजी अक्षरं बडवून मराठी उमटवायची सवय, ती "कुठेयस" आणि "भाजी घेऊन ये" एवढ्याला पुरते. मी मोठ्या हौसेने लिहिलं सह्याद्रीच्या दऱ्या, त्याने केलं सह्याद्रीच्या दर्या. वाचणाऱ्याने काय समजायचं, बाई महाबळेश्वरला गेली होती की मुरुडला? खोडा, परत लिहा, परत दर्या. शेवटी ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की इन्स्क्रिप्ट, म्हणजे थेट मराठी अक्षरांचा कीबोर्ड, शिक, सोप्पं आहे, शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरकी रेघ, की आला तुझा ऱ्य. आला खरा. पण तोवर दरीत काय दिसलं होतं ते मी विसरले.

सासरे हे सगळं मागे उभं राहून बघत होते. ते जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले आहेत आणि त्यांच्याकडे मराठी टायपिंगचं मिनिटाला ३० शब्दांचं सर्टिफिकेट आहे, लॅमिनेट केलेलं. "बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला दर्पण काढलं, तेव्हा काय लॅपटॉप होता त्यांच्याकडे?" मनात म्हटलं, नव्हता म्हणूनच निघालं असेल, आणि मागे उभं राहून बघणारंही कुणी नसेल.

कशाबशा दहाबारा ओळी झाल्या, त्या त्यांनी प्रिंट काढायला लावल्या आणि खिशातलं लाल पेन काढलं. शुद्धलेखनाचे १४ नियम आले १९६२ साली, तेव्हा ते शाळेत होते, नाकातून न उच्चारायचे अनुस्वार त्यांच्या देखत पुस्तकातून गेले, आणि १९७२ला आणखी ४ नियम आले तेही त्यांना तोंडपाठ. कवी दीर्घ पण कविता ऱ्हस्व, शब्दाच्या शेवटची वेलांटी दुसरी, पण "आणि" मात्र पहिली. आता माझं प्रत्येक वाक्य "आणि"वरच चालतं आणि मी सगळीकडे "आणी" लिहिलेलं, त्यामुळे कागदाला गोवर झाला. लेख कसा वाटला विचारलं तर म्हणाले, "अजून वाचला कुठे? तपासत होतो."

आता मला सांगा, या नियमांना घाबरूनच निम्मी मराठी माणसं लिहीत नसतील ना? बोलताना कुणी वेलांटी विचारत नाही. भाजीवाल्याशी मी अर्धा तास अस्खलित भांडू शकते आणि तेच लिहायला बसले की हात आखडतो, भाषा एकदम सत्यनारायणाच्या आमंत्रणासारखी होते, "सदर प्रसंगी" वगैरे. मी आयुष्यात कधी "सदर" बोललेले नाहीये.

परवा ऑफिसातून आले तर लॅपटॉप जागेवर नाही. सासऱ्यांनी नातीकडून त्यात टाइपरायटरसारखा कीबोर्ड टाकून घेतलेला आणि हॉलमध्ये बसून, स्क्रीनकडे न बघता, दोन्ही हातांनी धाडधाड टाइप करत होते. "जतला बदली झाली तेव्हा", भाग चौथा. चौथा! ऱ्य सगळे जागच्या जागी, एक "आणी" औषधाला नाही. चहा ठेवला तर मान वर न करता म्हणाले, "दोन भाग वाचून ठेव रात्री. आणि टीव्हीचा आवाज कमी करायला सांग त्याला, लिहितोय म्हणावं."

नवऱ्याला आवाज कमी करायला सांगितला. लॅपटॉप कधी मिळेल हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही, पाचव्या भागात म्हणे त्यांचे साहेब येतायत.